पायाळू डॉक्टरीण

वाशीमहून अकोल्याला जाणाऱ्या दुपारच्या बसमध्ये धम्मदीपाच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तरीही एक तरुण तिच्यासमोर दांडा धरून उभा होता. उभा तरी कसा, कंबरेपासून वरचं अंग उजवीकडे कललेलं, डावा गुडघा वाकवलेला, त्या पावलाचा फक्त चवडा खाली टेकलेला. काखेत एमआरआयचं मोठं पाकीट.

"बसा ना," ती म्हणाली.

"राहू द्या."

"जागा आहे."

"दिसून राह्यली मले. राहू द्या."

धम्मदीपाला राग आला. बाईमाणसाच्या शेजारी न बसण्यात मोठेपणा मानणारे पुरुष तिनं पाहिले होते. ती खिडकीला चिकटून बसली, पर्स मांडीवर घेतली. जागा रिकामी ती रिकामीच. शेवटी कंडक्टरही वैतागला.

"ओ हीरो, बसून घे ना बाप्पा. येणारे-जाणारे अडकून राह्यले."

"बसलो का मरतो, साहेब," तो म्हणाला. तेवढ्यात गाडी गतिरोधकावरून उडाली. त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण दांड्यावरची बोटं पांढरी पडली आणि डोळे मिटले गेले.

धम्मदीपाचा राग जागच्या जागी विरला. तिनं आता त्याच्याकडे नीट पाहिलं, तिच्या कामाच्या नजरेनं.

"कळ पायात उतरते का? अंगठ्यापर्यंत?"

त्यानं एक डोळा उघडला. "तुमाले काय ठाऊक? पाकीट तर माह्यापाशी हाय."

"उभं राहण्यावरून कळतं. मणक्यातली गादी सरकली आहे. कशानं झालं?"

"हवेतून."

"हवेतून?"

"म्हंजे... हवेत होतो तोपर्यंत काहीच नव्हतं. खाली आल्यावर झालं."

मग कळलं ते असं. त्याचं नाव अश्वजित. मेडशीला मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान. आणि एक जुनी डर्ट बाईक, म्हणजे रस्ता सोडून माती, दगड, नाले यांतून पळणारी, उंच टायरांची गाडी. शर्यतीत जायचं म्हणून गावामागच्या टेकडीवर सराव चालायचा. एका उंचवट्यावरून गाडी उडाली आणि भलत्याच कोनात उतरली.

"फक्त एक सांगा," तो म्हणाला, "गाडी कधी चालवू?"

"आधी बसता येऊ द्या," धम्मदीपा म्हणाली. मालेगाव आलं होतं. उतरता उतरता तिनं पत्ता सांगितला... स्टँडसमोर, मेडिकलच्या मागची खोली. आपण पत्ता उगीच दोनदा सांगितला, हे तिला रस्त्यात आठवलं आणि ती स्वतःवरच चिडली.

*

फिजिओथेरपीच्या त्या खोलीत दोन खाटा होत्या. एका खाटेवर अश्वजित पालथा, आणि खुर्चीत त्याची आई विमलबाई. धम्मदीपानं मायलेकांना समजावलं. दोन मणक्यांमध्ये एक मऊ गादी असते. पुरणपोळी लाटताना कड फाटून पुरण बाहेर यावं, तसा त्या गादीचा गाभा बाहेर आला आहे आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेला खेटला आहे. बहुतेकदा तो हळूहळू आक्रसतो. तोवर शिरेला छळायचं नाही, रोज थोडं चालायचं, आणि कंबरेभोवतीचे स्नायू मजबूत करायचे.

"म्हंजे करायचं काय?" विमलबाईंनी विचारलं.

"पोटावर झोपायचं, कोपरांवर उठायचं. दहा वेळा. पुन्हा झोपायचं."

"बस? हे तर आमचा बोका करते."

बोक्यानं तरी सांगितलं तेवढंच केलं असतं. अश्वजितनं दुसऱ्या दिवशी दहाचे चाळीस केले, लवकर बरं व्हावं म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी पलंगावरून उठू शकला नाही. पुढच्या आठवड्यात तो खाली मान घालून आला.

"गाडीवर बसला होतात," धम्मदीपा म्हणाली.

"फक्त बसलो होतो. स्टँडवर."

"इंजिन चालू होतं?"

"...थोडंसं."

"थोडंसं इंजिन कसं चालू असतं?"

यावर तो हसला. त्याचं हसणं एका गालात सुरू व्हायचं आणि दुसऱ्या गालाला उशिरा कळायचं. धम्मदीपानं केसांची पिन काढून पुन्हा घट्ट लावली.

"तुमी राग आला का पिन लावता," तो म्हणाला. "आज तिसरी डाव हाय."

"उताणे व्हा. पाय वर."

शेतांत तूर फुलली, शेंगांनी वाकली, कापली गेली. अश्वजित अर्धा तास बसू लागला. एके दिवशी तर वाशीमहून परतताना बसमध्ये चक्क तिच्या शेजारी बसून मालेगावला आला. खांद्याला खांदा लागू नये म्हणून दोघंही इतके आवरून बसले होते, की उतरताना धम्मदीपाचीच मान आखडली होती.

*

आणि मग सगळं बिघडलं. एका सोमवारी विमलबाई रिक्षातून त्याला घेऊन आल्या. तो पुन्हा कललेला होता, चेहरा घामानं डबडबलेला.

"काय केलं?"

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. धम्मदीपानं त्याला झोपवलं. "अंगठा वर करा. माझ्या बोटाच्या विरुद्ध जोर लावा." डाव्या अंगठ्यात जोरच नव्हता. शीर दबली असली तर पाऊल लुळं पडू शकतं. मग शर्यत राहिली बाजूला, चालतानाही पाय फरफटत न्यावा लागेल.

"काकू, काय केलं ते खरं सांगा."

"शिरपूरले नेलं होतं," विमलबाई हळूच म्हणाल्या. "तिथं एक पायाळू हाय."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, तो पायाळू. त्याचा पाय कंबरेला लागला की दुखणं उतरतं, असा इकडे जुना समज.

"त्यानं पाय लावला?"

"लावला नाही, ठेवला," पालथा पडलेला अश्वजित उशीत तोंड खुपसून म्हणाला. "मंग दुसराही ठेवला. भल्ला वजनदार माणूस होता."

"काकू, तुम्हाला बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. आणि तुम्ही..."

"ते देवाधर्माचं झालं, माय. हे कंबरेचं हाय."

धम्मदीपाचा तोल सुटला. "पायच पाहिजे होता तर शिरपूरपर्यंत कशाला गेलात? मीच पायाळू आहे."

ही गोष्ट तिनं कॉलेजात, नोकरीत, कुणालाच सांगितली नव्हती.

विमलबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मंग आतालोक काहून नाही सांगितलं, पोरी?"

"कारण पायानं काही होत नाही."

"होत नाही कसं? तुह्या हातानं एवढा फरक पडला, तं पायानं किती पडंल."

धम्मदीपा त्याच रिक्षातून अश्वजितला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासलं, औषधं दिली, आणि बजावलं. पाऊल आणखी ढिलं पडलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी ऑपरेशन. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

परतताना अश्वजितनं पहिल्यांदाच गाडीबद्दल विचारलं नाही. "चालता तं येईन ना?" एवढंच म्हणाला. आणि धम्मदीपाला कळलं, की उत्तर देताना तिचा आवाज नेहमीसारखा निघणार नाही. म्हणून तिनं फक्त होकारार्थी मान हलवली.

*

आठवडाभरात अंगठ्यात थोडा जोर आला. त्याच आठवड्यात खोलीबाहेर रांग लागली. मेडशीच्या बाया, मालेगावच्या बाया, एक पुजारी, दोन ट्रॅक्टरवाले. सगळ्यांच्या कंबरा दुखत होत्या आणि सगळ्यांना डॉक्टरणीचा पाय पाहिजे होता.

तिनं सगळ्यांना बसवून समजावलं, की माझ्या पायात काही नाही. त्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. खरा गुण असलेला माणूस असंच बोलतो, असं बाया एकमेकींना सांगू लागल्या. धम्मदीपानं पिन काढली, लावली, काढली.

तेव्हा खाटेवरून अश्वजितचा आवाज आला.

"ओ मावशी, मॅडमचा पाय असा-तसा लागू होत नाही. पयले महिनाभर व्यायाम करा लागते. पोटावर झोपा, कोपरावर उठा. ज्यानं व्यायाम बुडवला, त्याच्यावर पाय उलटा पडते. मलेच पाहा."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पटापट सतरंज्या अंथरल्या गेल्या.

धम्मदीपानं त्याला कोपऱ्यात गाठलं. "माझ्या नावावर हे काय खोटं सांगता?"

"महिन्यानं या म्हटलं, बस."

"महिन्यानं मी पाय लावणार नाही."

"महिन्यानं दुखंल कोणाचं, की पाय मागंल?"

तिला भयंकर राग आला. पण त्याहून मोठा राग याचा आला, की महिन्यानं खरंच दोघी-तिघींनीच पाय मागितला. तिनं नाही म्हटल्यावर त्यांनी फार हट्टही केला नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. वीज गेली. पत्र्यावर गारा तडतडू लागल्या. खोलीत दोघंच, आणि विमलबाई स्टँडवर अडकलेल्या.

"एक विचारू?" अश्वजित म्हणाला. "पायाळू असल्याचं लपवलं काहून?"

ती दाराशी उभी राहून बाहेर बघत होती. "मानोऱ्याकडे आमचं गाव. लहान असताना लोक मला वर्गातून उठवून न्यायचे. हे एवढं पाऊल, कुणाच्याही कंबरेला लावायला. मला वाटायचं, खरंच बरे होतात. मग लक्षात आलं... तेच लोक पुन्हा पुन्हा येतात. एक आजी तर मी पाय लावला की हसायची आणि घरी जाऊन रडायची. म्हणून हे शिकले. खरंच थांबतं का दुखणं, हे बघायला."

पत्र्यावरचा आवाज थोडा कमी झाला.

"थांबते," अश्वजित म्हणाला. "माह्यं थांबलं."

तिनं वळून पाहिलं. तो उभा होता. सरळ, दोन्ही पावलांवर. अंधार होता म्हणून बरं, नाहीतर तिचा चेहरा त्यानं वाचला असता. वीज आली तेव्हा ती टॉवेलांच्या घड्या घालत होती, घड्या घातलेल्याच टॉवेलांच्या.

*

पावसाळा सरता सरता अश्वजित एका पायावर उड्या मारू लागला, वजन उचलू लागला. सगळ्या तपासण्या ठीक होत्या. त्यानं रोजच्यासारखं विचारलं, "गाडी?"

"नाही."

"पुढच्या महिन्यात?"

"नाही."

"कोणती चाचणी राह्यली, ते तरी सांगा."

कोणतीच राहिली नव्हती. धम्मदीपाला ते ठाऊक होतं. दुसरा कुणी पेशंट असता तर तिनं केव्हाच हो म्हटलं असतं. रात्री तिला डोळ्यांसमोर गाडी हवेत दिसायची आणि खाली उतरायचीच नाही. तिनं कपाट उघडलं, अकोल्याच्या तिच्या शिक्षकांचा पत्ता लिहून त्याच्या हातात दिला.

"पुढचं हे सर बघतील."

त्याचा चेहरा उतरला. "हाकलून राह्यल्या मले? काय केलं आता? पाय तं कोणाचाच नाही लावला."

"तुम्ही काही नाही केलं."

"मंग?"

"मी नाही म्हणते ते तुमच्या कंबरेमुळे नाही. मला भीती वाटते म्हणून म्हणते. अशा माणसानं कुणाची तपासणी करू नये." एवढं बोलून तिला वाटलं, फार झालं. "जा आता. बाहेर पेशंट आहेत."

बाहेर कोणीच नव्हतं. दोघांनाही ते दिसत होतं.

*

सोयाबीनची सोंगणी उरकली तेव्हा त्याचा निरोप आला. बरेच दिवस सपाटीवर गाडी चालवून झाली, आता सरांनी लहान उडीची मोकळीक दिली. रविवारी सकाळी टेकडीवर येता का? धम्मदीपानं तीन उत्तरं लिहून पुसली आणि रविवारी पहिल्या बसनं मेडशीला उतरली.

टेकडीवर लाल मुरूम, ओलसर गवत, आणि मधोमध गुडघाभर उंचीचा एक उंचवटा. अश्वजित गाडीच्या पायदानांवर उभा राहून फेऱ्या मारत होता. दरवेळी उंचवट्याजवळ येऊन वेग कमी करायचा आणि बाजूनं निघून जायचा. चौथ्या वेळी तिचा धीर संपला. ती सरळ वाटेत जाऊन उभी राहिली.

"उडी का नाही मारत?"

"तुमाले भीती वाटते म्हणाल्या होत्या."

"वाटतेच."

"मंग नाही मारत. सपाटीवरच चालवीन. चालते मले."

त्याला ते चालणार नव्हतं. त्याच्या हातमोज्यांतल्या बोटांवरून दिसत होतं. आणि आपण यावर 'बरं' म्हटलं तर तो आयुष्यभर खरोखरच सपाटीवर राहील, हेही तिला दिसलं. पाय ठेवणारा शिरपूरचा माणूस बरा, तो निदान पाठीवरून उतरला तरी.

"सरांनी सांगितलं ना? कंबर तुमची आहे, भीती माझी आहे. माझं मी बघते. मारा."

ती बाजूला झाली. तो लांब गेला, वळला. गाडी आली, उंचवटा चढली, दोन्ही चाकं सुटली... एक क्षण खाली नुसती सकाळची हवा... आणि मग आधी मागचं, पाठोपाठ पुढचं चाक टेकलं. त्याचे गुडघे दुमडले, पाठ हलली नाही. धम्मदीपाच्या लक्षात आलं, की तिचेही गुडघे दुमडले आहेत आणि ती मुरुमावर अर्धवट बसलेली आहे. ती घाईनं उठली.

तो तिच्यापाशी येऊन थांबला आणि हेल्मेटच्या आतून काहीतरी बोलू लागला. बरंच बोलला. हातही हलवले. इंजिन धडधडत होतं.

"काय?"

तो पुन्हा पहिल्यापासून बोलला.

"अहो, काहीही ऐकू येत नाही." तिनं हात पुढे करून इंजिन बंद केलं. "हेल्मेट काढा. हं, आता बोला."

त्यानं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटलेले. टेकडीवर एवढी शांतता झाली, की दूर कुठे बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"आता... नाही येत बोलता."

"कमाल आहे तुमची. हवेत उडता येतं आणि एवढं बोलता येत नाही. थांबा, मीच बोलते." तिचा हात केसांच्या पिनेकडे गेला, आणि त्यानं तो मधेच हळूच धरला. तिनं सोडवून घेतला नाही. "तुमच्या कंबरेचा मला मनापासून कंटाळा आला आहे, अश्वजित. ती राहू द्या अकोल्याच्या सरांकडे. बाकीचा माणूस मी ठेवून घेते."