शेजारच्या सीटचा ब्रेक

मी थापाड्या आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी पकडलेला मासा सांगता सांगता हातभर वाढतो. म्हणून ही हकिकत मी सहसा काढत नाही. हिच्यात मी पदरचं काही घातलेलं नाही, आणि माझ्या तोंडून ते कुणाला पटणार?

सुरुवात अगदी साधी. एका मंगळवारी मी गाडीत कॅमेरा बसवून घ्यायला गेलो.

माझा धंदा गाडी शिकवण्याचा. बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी लोकांना क्लच सोडायला शिकवतोय. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याची केबल शिकणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेली. मी माझा दाबला की त्याचाही खाली जातो. त्याने त्याचा दाबला तर माझा हलत नाही. एवढं लक्षात असू द्या.

दुकानदाराने सगळ्यात महागडा कॅमेरा माझ्या गळ्यात मारला. दोन डोळ्यांचा. एक रस्त्यावर, एक गाडीच्या आत.

"काका, मुंगी आडवी गेली तर तिचे पाय मोजाल," तो म्हणाला.

घरी किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात दुसरा नवरा आला असता. मला सेकंडहँडही चालला असता."

एका दिवसात कळलं की तिचा सौदा बरा होता. समोरचं चित्र म्हणजे दुधाळ काचेतून बघितल्यासारखं. पुढच्या ट्रकचा नंबर सोडा, ट्रक आहे की घर हे कळेना. आवाज म्हणजे नुसती घरघर. आतला डोळा तर दुकानातल्या पोराने इतका वाकडा बसवला होता की त्यात माणसांची तोंडंच येत नव्हती. गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसायचे. मी भांडायला गेलो.

"पाय तरी तुमचेच आहेत ना, काका?" दुकानदार हसला. "मग झालं तर."

त्याच आठवड्यात, गुरुवारी, ते झालं.

गावाबाहेर पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक सरळ रस्ता आहे. एका बाजूला लांबलचक भिंत, दुसरीकडे मोकळं माळरान. नव्या लोकांना मी तिथेच नेतो, कारण तिथे कुणी नसतं. भर दुपार होती. स्टिअरिंगवर औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी, तिचा सहावा धडा. हात थरथरत नव्हते, गाडी तिसाच्या वेगाने छान चालली होती.

"शाब्बास, असंच जाऊ दे..." मी म्हणालो, आणि गाडी भिंतीवर आदळल्यासारखी थांबली.

मुलीचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. पुढचा दात अर्धा तुटला.

इंजिन बंद पडलं होतं. जळक्या रबराचा वास येत होता, आणि त्याच्या खालून आणखी एक, वर्षानुवर्षं बंद राहिलेली पेटी उघडल्यावर येतो तसा. रस्ता दोन्हीकडे रिकामा. पाखरूसुद्धा नाही.

"सर... ब्रेक का मारलात?" तिने तोंडावर रुमाल धरून विचारलं.

"मी? अगं, तू मारलास."

"माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता, सर."

ती खोटं बोलत नव्हती. बावीस वर्षांत मी घाबरलेल्या माणसांचं सगळ्या तऱ्हेचं खोटं ऐकलंय, हे त्यातलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिच्या वडिलांनी तक्रार केली. शिकवणारा माणूस विक्षिप्त आहे, मुलींना घाबरवायला मुद्दाम ब्रेक मारतो. परवाना खात्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. सुकलेला माणूस, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करणारा.

"तुमच्या गाडीत कॅमेरा आहे म्हणे. सोमवारी रेकॉर्डिंग घेऊन या. त्यांचं म्हणणं खरं निघालं तर शिकवण्याचा परवाना विसरा."

दुसरं काही मला येत नाही हो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने शेजारच्या सीटवरून उतरून जायचं कुठे?

शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी ते रेकॉर्डिंग लावलं. समोरच्या डोळ्यात नुसता पांढरा लोळ. आतल्या डोळ्यात माझे पाय. तपकिरी चपला, दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतलेले. सरळ रस्त्याला मी असाच बसतो.

आणि माझ्यासमोरचा ब्रेक खाली गेला.

आधी सावकाश, दाब किती आहे ते अजमावल्यासारखा. मग एकदम तळापर्यंत. त्याच्यावर काहीच नव्हतं. पाय नाही, सावली नाही. माझ्या चपला जागच्या जागी. ब्रेक मात्र तसाच दाबलेला राहिला, आणि बऱ्याच वेळाने वर आला.

मी ते अकरा वेळा बघितलं. बाराव्या वेळी बायको मागे येऊन उभी राहिली. तोंडावर एखादा टोमणा तयार असावा, तो तसाच राहिला.

"बंद करा ते," ती हळूच म्हणाली.

रविवारी सकाळी गाडी मिस्त्रीकडे नेली. मनाची समजूत घातली होती की केबल अडकत असणार, जुनी गाडी आहे. मिस्त्री माझा शाळेपासूनचा दोस्त. गाडीखाली शिरला आणि हसायला लागला.

"शिकवतोस काय डोंबलाचं? केबल तुटलीय की तुझी."

"परवा तुटली?"

"परवा?" त्याने गंजून काळं पडलेलं टोक माझ्या हातात दिलं. "वर्ष तरी झालं असेल. इतके दिवस तू नुसता हवेत पाय मारत होतास, मर्दा."

मी तिथेच टायरवर बसलो. गेल्या वर्षभरात त्या ब्रेकने मी किती वेळा गाडी थांबवली होती? चौकात, शाळेच्या दारात, एकदा तर उभ्या ट्रकच्या मागे, वीतभर अंतरावर. दर वेळी माझा पाय खाली गेला होता आणि गाडी थांबली होती.

"ती थांबत होती रे..." मी म्हणालो. "प्रत्येक वेळी थांबली."

मिस्त्री हसायचा थांबला. फडक्याला बराच वेळ हात पुसत राहिला.

"नवी घालून देतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पण गाडी आजच घेऊन जा. इथे ठेवू नकोस."

आता माझी कोंडी बघा. खरं सांगितलं तर त्या दाताचं बालंट टळत होतं, पण वर्षभर मी बिनब्रेकचा शिकवत होतो हे उघडं पडलं असतं. मग परवाना कायमचा गेला असता, आणि जायलाच हवा होता. खोटं सांगितलं तर एका दातावर निभावत होतं.

मी साहेबांना म्हणालो, "कुत्रं आडवं आलं, साहेब. मीच ब्रेक मारला."

साहेबांनी समोरचं रेकॉर्डिंग बघितलं. डोळे बारीक केले, चष्मा काढला, परत घातला. "यात काही दिसतच नाही."

"महागडा आहे, साहेब."

"आणि आतलं?"

"तो डोळा बसवतानाच बिघडलाय."

साहेबांनी लेखी ताकीद दिली, दात बसवून द्यायला सांगितलं आणि मला सोडलं. त्या महाग वस्तूचा मला झालेला फायदा तेवढाच.

बाहेर जिन्यात ती मुलगी थांबली होती. ओठ अजून सुजलेला.

"सर, कुत्रं नव्हतं."

"मग काय होतं?"

"मला काही दिसलं नाही. पण गाडी थांबायच्या आधी तुमच्या बाजूने कुणीतरी दचकून श्वास आत ओढला..." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर बोलत होतात."

त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. वर्षभर माझं काम करणाऱ्याची मला आता तितकी भीती वाटत नव्हती. भीती वेगळीच होती. शाळेच्या दारात पोरं होती, चौकात सायकलवाला होता, ट्रक होता. त्याने कधी विनाकारण ब्रेक मारला नव्हता. मग टाकीच्या रस्त्यावर समोर काय होतं? ती तेवढी चित्रफीत मी डोळे दुखेपर्यंत बघतो. नुसतं पांढरं दिसतं.

टाकीचा रस्ता मी टाळायला लागलो. पण परवा एक निवृत्त पोस्टमास्तर शिकत होते. कान जड, स्वभाव हट्टी. मी "डावीकडे, डावीकडे" म्हणेपर्यंत त्यांनी गाडी त्याच रस्त्याला घातली होती.

भर दुपार. भिंत. माळरान. मी दोन्ही पाय सीटखाली गच्च ओढून घेतले.

ब्रेक खाली गेला. या वेळी हळुवार, सरावाच्या हाताने झोपलेल्याचं पांघरूण सारखं करावं तसा. गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. तोच जुन्या पेटीचा वास आला.

रस्ता रिकामा होता. मी नीट बघितला, दोन्हीकडे बघितला. आणि माझ्या खिडकीबाहेरचा आरसा कट्ट करून आत मिटला, अडचणीतून जाणाऱ्या कुणाचं अंग घासावं तसा.

किती वेळ गेला कोण जाणे.

"चला, मास्तर..." मी कसाबसा म्हणालो. "करा चालू."

पोस्टमास्तरांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. ते समोर बघत होते, डावीकडून उजवीकडे, सावकाश.

"थांबा हो जरा," ते म्हणाले. "जाऊ द्या त्यांना. अजून बरीच आहेत."