न फुटलेला पेपर

फोन आला तेव्हा शिक्षण खात्याच्या चौकशी अधिकारी बाई नुकत्याच ऑफिसात टेकल्या होत्या.

"मॅडम, आमचा दहावीच्या पूर्वपरीक्षेचा गणिताचा पेपर फुटलाय. ताबडतोब या." शाळेचे मुख्याध्यापक बोलत होते. "चोर कोण, तेही कळलंय."

चोर असा आयता मिळाला की बाईंचे कान टवकारायचे.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर दोन कागद होते. एक शाळेचा छापील पेपर. परीक्षा ऐन वेळी रद्द केल्याने त्याचे गठ्ठे कपाटातच पडून होते. दुसरा कागद म्हणजे हाताने लिहिलेल्या सराव गणितांची झेरॉक्स. गणितं तीच, क्रमही तोच.

"हे अक्षर शिकवणीच्या काकांचं," मुख्याध्यापक म्हणाले. "पूर्वी इथेच शिकवायचे. आता घरी शिकवण्या घेतात. निम्मा वर्ग त्यांच्याकडे जातो. माझी भाचीसुद्धा. ती आमच्याकडेच राहते. आज सकाळी हा कागद तिच्या दप्तरात दिसला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली."

"पेपर कोणी काढला होता?"

"आमच्या गणिताच्या सरांनी. सीलबंद पाकिटात माझ्या हातात दिला."

"टाईप कोणी केला?"

"मीच. गोपनीय काम दुसऱ्याकडे कसं सोपवणार? मी इतिहासाचा माणूस, गणितातलं ओ की ठो कळत नाही. दिसलं तसं उतरवलं."

"सरांनी छापील पेपर तपासला?"

"नाही. आता तर दाखवणारही नाही. ते आणि काका जुने मित्र. पेपर तिथूनच फुटला असणार."

"पुढे काय करायचं ठरवलंय?"

"शिकवणीच्या एकाही मुलाला फेरपरीक्षेला बसू देणार नाही. तसं संस्थेला कळवतोय."

बाईंनी दोन्ही कागद पर्समध्ये घातले आणि त्या काकांच्या घराकडे निघाल्या.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. जिन्यात एक पालक तावातावाने बोलत होते. वरच्या खोलीत बाकं रिकामी होती. काका कोरा फळा पुन्हा पुन्हा पुसत होते.

"ही गणितं कुठून आणलीत?" बाईंनी विचारलं.

"डोक्यातून. मागच्या आठवड्यात मुलांना सरावाला दिली."

"आणि शाळेचा पेपर जसाच्या तसा तोच?"

"तेच तर मला उमगत नाही."

"गणिताचे सर तुमचे मित्र. ते इथे येतात?"

"एरवी येतो. पेपर काढायचे दिवस आले की फिरकतसुद्धा नाही. फार काटेकोर माणूस आहे."

"शाळेशी तुमचं काही वाकडं?"

"छे! उलट पुढच्या वर्षी मुख्याध्यापक म्हणून परत या, असा संस्थेचा निरोप आला होता." काका खिन्न हसले. "आता कोण दारात उभं करणार?"

बाईंनी ते हसू निरखलं. खोटं बोलणारी माणसंही असंच खिन्न हसतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

खाली पायरीवर मुख्याध्यापकांची भाची बसली होती. रडून डोळे सुजले होते.

"मॅडम, काकांनी चोरी नाही केली."

"कशावरून?"

"चोरायचं असतं तर निदान धड अक्षरात तरी लिहिलं असतं!" रडता रडता तिला हसू आलं. "त्यांचा सात बघितलात? हुबेहूब एक. नवीन येणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं गणित त्यापायीच चुकतं."

बाईही हसल्या. मग हसता हसता थांबल्या. त्यांनी दोन्ही कागद तिथेच उघडले.

दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमले. काका, गणिताचे सर, दाराशी भाची.

"पेपर फुटलेलाच नाही," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला.

"छापील पेपरातलं तिसरं समीकरण बघा. एक्स वर्ग, वजा एक एक्स, अधिक बारा, बरोबर शून्य. सर, तुम्ही 'एक एक्स' असं कधी लिहाल?"

"शक्यच नाही," गणिताचे सर म्हणाले. "नुसता एक्स लिहितात. आणि याला उत्तरही येत नाही. तिथे सात हवा." त्यांनी कागद ओढून घेतला. "पण मॅडम, हा माझा पेपरच नाही!"

"नाहीच. काकांनी पेपरावरून गणितं उतरवली असती, तर छापलेला एकच उतरवला असता. इथे उलटं झालंय. काकांचा सात कुणीतरी एक समजून टाईप केला. म्हणजे आधी काकांचा कागद, मग पेपर. आणि टाईप करणाऱ्याला गणितातलं काही कळत नव्हतं." त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या. "सरांचं पाकीट कुठे आहे?"

"ते... फाडून टाकलं."

"कपाट उघडा."

पाकीट छापील गठ्ठ्यांच्या मागे होतं. त्याचं सील शाबूत होतं.

"न उघडलेल्या पाकिटातून तुम्ही पेपर कसा टाईप केलात? भाचीच्या दप्तरातून काकांची गणितं घेतलीत, त्यांचाच पेपर छापलात आणि चोर चोर म्हणून ओरडलात. फेरपरीक्षेसाठी हे पाकीट राखून ठेवलंत. काका बदनाम झाले असते, म्हणजे तुमची खुर्ची शाबूत."

भाची पुढे आली.

"मामा, शिकवणीच्या एकाही मुलाला बसू देणार नव्हतात. म्हणजे मलाही?"

"तुझं मी सांभाळून घेतलं असतं गं."

"आणि बाकीच्यांचं?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग तिने काकांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि खाली बसली.

बाईंनी संस्थेला फोन लावला.