रिकामी डबी

“मैडम, इसमें थाली-वाली है क्या?” आनंद नगरच्या कुरिअर ऑफिसातल्या माणसानं माझं चपटं, चौकोनी पार्सल कानाशी धरून हलवलं आणि माझा जीव खालीवर झाला.

“भैया, हिलाओ मत... रेकॉर्ड है.”

“तडकली असेल तर इथंच उघडून बघा,” शेजारून कुणीतरी म्हणालं. या हिंदी शहरात, पार्सलवरचं माझं मराठी नाव वाचून तो सरळ मराठीत बोलला होता. “मागच्या महिन्यात माझी तडकली होती.”

त्याच्या हातातही तसलंच पार्सल होतं. कोलकात्याचा तोच जुन्या मालाचा विक्रेता! काउंटरवरच आम्ही दोघांनी पार्सलं फोडली. त्याची सारंगीची रेकॉर्ड निघाली, माझी सतारीची, आणि सोबत तीन जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी. त्याचं नाव अच्युत. गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर, राहायला अयोध्या नगरात.

“आमच्या घरी म्हणतात, आजकाल सगळं मोबाइलवर मिळतं,” तो म्हणाला.

“आमच्याही...” मी म्हटलं, आणि उगाचच खूप हसले.

माझ्याकडे एक वही आहे. नवीन काही आलं की तीन रकाने भरायचे: कधी आलं, कधी बघितलं, कसं वाटलं. चौथा रकाना नाही, कारण मी कुणाला काही उसनं देतच नाही. त्या तीन चित्रपटांतला एक मात्र अच्युतला दिला. एका लहानशा स्टेशनावरची गोष्ट. तो निघून जातो, ती फलाटावर उभी राहते, आणि दोघंही तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. त्याचा तिसरा रकाना मी कोराच ठेवला होता. आवडला की राग आला, तेच कळत नव्हतं.

मग रोज बोलणं सुरू झालं. चहा झाले, भांडणं झाली, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. आणि एका गुरुवारी तो सहज सांगावं तसं म्हणाला, “कोइम्बतूरला बदली झाली यार. दोन वर्षं. रविवारी निघतोय.”

“अरे वा,” मी म्हटलं. अरे वा!

शनिवारी घरी आले तर आई म्हणाली, “तो अच्युत तुझी त्या सिनेमाची डबी देऊन गेला. थांब म्हटलं, तर थांबलाच नाही.”

हात धुवायचंही सुचलं नाही. आत चिठ्ठी असेल... निदान दोन ओळी तरी. डबी उघडली. चिठ्ठी नव्हती. डिस्कसुद्धा नव्हती.

मुद्दाम ठेवून घेतली असेल? की नुसता वेंधळेपणा? ‘डिस्क राहिली’ असं मी मोबाइलवर लिहिलं आणि पुसलं. कारण ‘कुरिअर करतो’ असं उत्तर आलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं.

रविवारी सकाळी स्कूटी काढली. रायसेन रोडवर प्रत्येक सिग्नलला वाटत होतं, परत फिरावं.

दार त्यानंच उघडलं. मागे खोक्यांची चळत.

“डिस्क राहिली,” मी डबी पुढे केली.

तो कपाळावर हात मारत म्हणाला, “प्लेअरमध्येच आहे. आणि प्लेअर... सगळ्यात खालच्या खोक्यात.”

“म्हणजे मुद्दाम नाही ठेवलीस?” नको ते तोंडून निसटलंच.

“परवा तिसऱ्यांदा बघितला.” तो खोक्याची चिकटपट्टी नखानं खरवडत होता. “शेवट पटत नाही मला. ती बोलत का नाही?”

“तिनंच का बोलायचं? तोही गाडीच्या दारात मख्खासारखा उभा असतो.”

“घाबरला असेल.”

“कशाला?”

“ती ‘अरे वा’ म्हणाली ना...” त्यानं वर बघितलं. “इतका घाबरला, की डबी तिच्या आईच्या हातात देऊन पळाला.”

माझे कान गरम झाले. तो वरची खोकी उतरवायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

“राहू दे. डिस्क तुझ्याकडे, डबी माझ्याकडे.”

“मग बघायचा कसा?”

“दोघं एकत्र असू तेव्हाच.” मी धरलेला हात सोडला नाही. “मला आवडतोस तू, अच्युत. दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत.”

“पक्का?”

“पक्का.”

“मला तर कुरिअर ऑफिसातच...” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या आईनं, वसुधाकाकूंनी, स्वयंपाकघरातून हाक मारली, “कोण, शमिका का गं? जेवूनच जा. गाडी चारची आहे.”

त्याला गाडीत बसवून घरी आले आणि वही उघडली. त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं : शेवट चुकलाय. तिनं बोलायला हवं होतं. त्यानंही.