एरंडेलाची बाटली

त्या दुपारी मी खोऱ्यातल्या सात सुइणींना दवाखान्याच्या ओट्यावर बसवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. पोटात एकाएकी भयंकर दुखायला लागलं, तर तोंडानं काही द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, एरंडेल तर मुळीच नाही. शेकायचं नाही, चोळायचं नाही. माणूस उचलायचा आणि मोठ्या दवाखान्याची वाट धरायची. आणि दुखणं एकदम थांबलं, तर आनंद मानायचा नाही. आत काहीतरी फुटलेलं असू शकतं. वेल्लोरला सहा वर्षं शिकून मी परत आले ती हे सांगण्यासाठीच, असं मला तेव्हा वाटे. नीट सांगितलं की लोक ऐकतात, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

सुइणींनी माना डोलावल्या. उठताना एकीनं विचारलं, "समदं पटलं बाई. मग एरंडेल कवा द्यायचं?"

रात्री दवाखान्याचे म्हातारे राखणदार रखमाजी पायरीवर तंबाखू मळत बसले होते. मी आणि आमची नर्स सौदामिनी कंदिलाच्या उजेडात जेवत होतो. माझा राग अजून उतरला नव्हता.

"डॉक्टरीणबाई," रखमाजी म्हणाले, "तुमी सांगितलंत ते आमच्या सोपानाला सहा वर्सांमागंच कळलंय. पर त्याला शिकवनारी येगळीच."

"रखमाजी, भुताची गोष्ट असेल तर सकाळी सांगा," सौदामिनी म्हणाली. "मला आतल्या खोलीत एकटीला झोपायचंय."

"भुताची न्हाई पोरी. खरी हाय."

आणि त्यांनी सांगितली. मी माझ्या शब्दांत लिहिते आहे.

सोपान पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा. सन १९६८, डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार. मार्गशीर्षातली अमावास्या. त्याची बायको रतन, वय वीस. सकाळपासून तिचं पोट दुखत होतं. आधी बेंबीपाशी दुखत होतं, मग कळ उजवीकडे खाली उतरली ती तिथेच राहिली. वांत्या झाल्या, अंग तापलं. संध्याकाळी शाळेच्या गुरुजींनी सांगितलं, पुण्याला न्या, थांबू नका.

मार्गासनीहून पहाटे चारला कोळसा वाहणारी मोटार पुण्याला निघायची. ती गाठली तर ठीक. चुकली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीही नव्हतं.

घोंगडीची झोळी केली, बांबू ओवला. सोपान, त्याचा चुलता गेनबा आणि शेजारचे दोघे, अशी चार माणसं. निघताना चुलती ठकुबाईनं झोळीत रतनच्या उशाशी एक बाटली ठेवली. एरंडेलानं गळ्यापर्यंत भरलेली. तोंडाला मक्याच्या कणसाचं बूच, वाटेत सांडू नये म्हणून वर मेण. मेण ऊन असतानाच तिनं अंगठा दाबून ते बसवलं.

"दुखायचं थांबलं की समदं पाज," ती सोपानला म्हणाली. "प्वाट धुऊन निघंल."

रात्री अकराला ते निघाले. सोपान गप्प होता. त्याला बोलतं करावं म्हणून गेनबा म्हणाला, "बायकूला पुणं दाखवाया निघालास व्हय रं? आमच्या लग्नाला तीस वर्सं झाली, तुज्या चुलतीला भोरबी दावलं न्हाई."

झोळीत रतन हसली. आणि लगेच कण्हली. हसतानाही दुखत होतं.

वाटेत नदी ओलांडायचा उतार लागतो. त्याच्या अलीकडे तेव्हा एका पडक्या खोपटाची चौकट उभी होती. ते धोंडाबाईचं खोपट. धोंडाबाई सरकलेली बेंबी बसवायची. पोटावर दिवा ठेवून वर पेला उपडा घालायची. सगळं खोरं तिच्याकडे यायचं. त्या रात्रीच्या चार वर्षं आधी तिच्याच लेकीचं पोट असं दुखलं होतं. तिनं दिवा लावला, पेला घातला. मध्यरात्री दुखणं थांबलं. धोंडाबाईला आनंद झाला. तिनं आपल्या हातानं लेकीला एरंडेल पाजलं. उजाडायच्या आत लेक गेली. त्यानंतर धोंडाबाईनं कुणाच्या पोटाला हात लावला नाही. वर्षभरात तीही गेली.

चौकटीपाशी आले तेव्हा दीड वाजला असावा. झोळीतून आवाज आला.

"थांबलं."

"काय?"

"दुखायचं. थांबलं. बरं वाटतंय..."

माणसांनी झोळी खाली ठेवली. गेनबानं गडावरच्या देवीकडे तोंड करून हात जोडले. "पद्मावती पावली! पाज त्याल आन फिरा माघारी. अवसंची रात, उगं पुढं कशापायी जायचं?"

"पर गुरुजी म्हनलं..."

"गुरुजीचं प्वाट दुखत व्हतं का?"

सोपान घुटमळला. रतन खरोखरच शांत पडली होती. तिनं पाणी मागितलं. तो वाकला, उशाशी चाचपडला, बाटली हाताला लागली.

कंदील विझला.

वारा नव्हता. कंदिलात रॉकेल होतं. गेनबानं काडी ओढली. पेटली नाही. दुसरी ओढली. तिसरी.

मग उजेड दिसला.

चौकटीच्या आत. लहान. जमिनीपासून हातभर वर. बसलेल्या माणसाच्या हातात असावा तेवढा.

उजेड उठला. पुढे आला.

म्हातारी होती. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. ती झोळीपाशी बसली. दिवा खाली ठेवला. उजवा हात रतनच्या पोटावर ठेवला. उजवीकडे. खाली.

दाबला. हळूहळू.

रतन गप्प.

आणखी दाबला.

गप्प...

आणि म्हातारीनं हात एकदम उचलला.

रतन अशी किंचाळली, की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली.

"आजे..." सोपान म्हणाला.

म्हातारीनं त्याच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मान हलवली. एकदाच. नाही.

मग तिनं दिवा उचलला. खोपटाकडे गेली नाही. नदीत उतरली. मार्गासनीच्या वाटेला लागली.

सोपाननं बाटली घोंगडीत खुपसली.

गेनबाच म्हणाला, "उचला."

ते पळाले. पुढे वीस पावलांवर उजेड. ते पळाले की तो पळे. धापा टाकत ते थांबले की तोही थांबे. पाण्यात हलला नाही, चढावर विझला नाही. कुणी उजेडाखाली पाय आहेत का, ते पाहिलं नाही.

मार्गासनीचं पहिलं घर आलं. कोळशाच्या मोटारीची घरघर ऐकू आली.

समोर अंधार होता.

रतनचं पुण्यात सकाळी ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलेलं होतं. आणखी दोन तास गेले असते, पोटात तेल गेलं असतं, तर हाती काही लागलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तीन आठवड्यांनी ती परतली. आता दोन मुलांची आई आहे.

रखमाजी थांबले. मी म्हणाले, "दाबताना नव्हे, हात सोडताना कळ उठते. ही खूण आम्हाला वेल्लोरला तिसऱ्या वर्षी शिकवतात. त्या म्हातारीला कुणी शिकवली?"

"लेकीनं शिकवली असंल," ते म्हणाले.

मी त्यांना समजावू लागले. अमावास्येचा अंधार, थकवा, चौघांच्या मनात आधीपासून असलेली तीच एक गोष्ट. अशा वेळी माणसाला काहीही दिसतं. रखमाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय. तसंच असंल," ते म्हणाले.

"आणि बाटली?" सौदामिनीनं विचारलं.

ते उठले. आपल्या खोलीत गेले. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. "सोपानानं मला दिली. म्हनला, घरात ठेववत न्हाई."

मी कंदील जवळ ओढला. बूच जागच्या जागी होतं. बुचावर मेण होतं, पिवळं, कुठेही तडा नसलेलं. मेणावर ठकुबाईचा अंगठा उमटलेला होता.

आत तेलाचा थेंब नव्हता. काच आतून काळी झाली होती. रात्रभर जळलेल्या कंदिलाच्या काचेसारखी.