शेवेलच्या सव्वीस कॅसेट

उरणच्या बाळूशेठनी फाईल उघडली आणि ते गाडीकडे बघायचंच विसरले. कुवेतमधल्या खरेदीची पावती, जहाजाचे कागद, कस्टमचे शिक्के, बदललेल्या प्रत्येक स्पार्क प्लगची नोंद. सगळं तारखेनुसार, प्लास्टिकच्या कव्हरात.

"आमच्या जमिनीचं कागद पन एवडं नीट नाय," ते म्हणाले. "तुजा बा वकील होता का?"

"फोरमन. तेल कंपनीत," नशरा म्हणाली.

वडाळे तळ्यामागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली ती १९६९ ची अमेरिकन शेवेल गाडी उभी होती. दोन लांब दारं, डावीकडे स्टिअरिंग, आठ सिलिंडरचं इंजिन. पनवेलला मारुती आठशेचंही अप्रूप होतं तेव्हा, चौऱ्याऐंशी साली, नशराच्या अब्बांनी ती आणली होती. अब्बांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून अम्मी रोज दुपारची नमाज झाली की गाडीत जाऊन बसायची आणि ऊन उतरल्यावर बाहेर यायची. पुढे नाही, मागे. तेही खिडकीला खेटून. एवढी सोफ्यासारखी सीट आहे, ऐसपैस बस की, असं नशरा एकदा म्हणाली, तर अम्मीने मान हलवली. "मधे नको."

जेवण कमी होत चाललं होतं, बोलणंही. नशराला पुण्यात, प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती आणि अम्मीला सोडून ती जाणार नव्हती. फार मागे लागल्यावर अम्मी एवढंच म्हणाली होती, की गाडी गेली तर येईन. तेव्हा गाडी विकायची हे नशराने ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर मागे फिरणाऱ्यांतली ती नव्हती.

बाळूशेठची अट एकच. फाईलमध्ये दर पंधरा नोव्हेंबरची एक कॅसेट होती, चौऱ्याऐंशीपासून दोन हजार नऊपर्यंत सव्वीस. त्यांना त्या सीडीवर हव्या होत्या, आणि यंदाचं रेकॉर्डिंगही. रेकॉर्ड कसा पुरा पाहिजे.

कॅसेट कशाच्या, ते नशराला ठाऊक होतं. अब्बा थंड इंजिन चालू करायचे, मिनिटभर आवाज टेपवर घ्यायचे, मग बंद करून तारीख, मीटरचा आकडा आणि सोबत कोण कोण उभं आहे ते सांगायचे. डॉक्टरने छातीचे ठोके ऐकून लिहून ठेवावेत, तसं. लहानपणी आपलं नाव येईपर्यंत ती श्वास रोखून उभी राहायची.

चार संध्याकाळी बसून तिने कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्या. पहिलीतच ती अडली. "सोबत साबिरा," अब्बांनी अम्मीचं नाव घेतलं. मग जरा हळू, "अजून कोण?" टेपची नुसती खरखर. मग, "अच्छा." आणि खटका.

हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कॅसेटवरही ते होतं. तिच्या जन्मानंतरच्या प्रत्येक कॅसेटवर, तिच्या नावानंतर, ते होतं.

तिने अम्मीला विचारलं.

"विचारतील कशाला? आम्ही समोरच असायचो," अम्मी म्हणाली. "नावं घेतली की बंद करायचे."

नशरा भौतिकशास्त्र शिकलेली. न कळणारी गोष्ट आधी मोजायची, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. प्रश्न आणि 'अच्छा' यांमधला वेळ तिने पडद्यावर मोजला. चौऱ्याऐंशी साली अकरा पूर्णांक दोन सेकंद. पंच्याऐंशीला दहा पूर्णांक आठ. पुढे दरवर्षी चार दशांश कमी, एकही वर्ष न चुकता. टेप ताणली असेल म्हणून तिने अब्बांच्या इतर शब्दांची लांबी तपासली. ती सव्वीस वर्षं तेवढीच होती. नऊ साली उरलं होतं एक पूर्णांक दोन.

तिने आलेख काढला. रेघ सरळ होती. पट्टी लावून पुढे वाढवली तर ती शून्याला टेकत होती यंदा, दोन हजार बाराला.

तिने कागदाची घडी केली आणि सीडीवर नावं लिहायला घेतली.

पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजता जुना मेकॅनिक तुळशीराम नवी बॅटरी घेऊन आला. अम्मी पायरीवर बसली होती. बाळूशेठ नवीन कपडे घालून आले होते, लग्नाला आल्यासारखे. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं, पत्रा थरथरला, शेजारच्या कोंबड्या पांगल्या.

"अजून जवान हाय," तुळशीराम म्हणाला. "मीच म्हातारा झालो."

इंजिन बंद झालं. नशराने जुना टेप मुद्दाम वापरला नव्हता. हातात तिचाच फोन होता. तिने तारीख सांगितली, मीटरचा आकडा वाचला. "सोबत साबिरा, तुळशीराम, बाळूशेठ." ओठ घट्ट मिटले आणि बटण दाबलं. खूण केल्यासारखं तिला ते स्पष्ट आठवत होतं: आधी ओठ, मग बटण.

मग तिने ते सगळ्यांना ऐकवलं.

इंजिन. तारीख. आकडा. तीन नावं.

आणि लगेच, मधे श्वासाचीही जागा न ठेवता, "अजून कोण? अच्छा."

आवाज अब्बांचा नव्हता. तिचा होता.

तुळशीराम फडक्याला हात पुसत राहिला. बाळूशेठनी तिच्याकडे पाहिलं.

"हे कवा बोललीस तू?"

अम्मी पायरीवरून तिच्याकडेच बघत होती.

"पद्धत आहे ती," नशरा म्हणाली. "अब्बा दरवर्षी विचारायचे. सगळ्या कॅसेटवर आहे, घरी जाऊन ऐका."

तिने सत्ताविसावं रेकॉर्डिंग सीडीवर घेतलं, फाईलमध्ये ठेवलं आणि सह्यांच्या जागी खुणा केल्या. बाराच्या सुमारास शेवेल गल्लीच्या तोंडाशी वळली. मागच्या काचेतून सीट दिसली. रिकामी होती. नशराने नीट पाहून घेतलं.

दुपारी पुण्याची टॅक्सी आली. अम्मी उठली, बुरखा घातला, कुलूप स्वतःच्या हाताने लावलं. गाडीत बसल्यावर तिने खाऊचा डबा उघडला आणि चक्क दोन खजूर खाल्ले. नशराला हायसं वाटलं. झालं एकदाचं.

कोन गाव मागे पडलं, टॅक्सी एक्सप्रेस हायवेला लागली. मांडीवरच्या बॅगेने नशराच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने ती उचलली, दोघींच्या मधे ठेवायला.

अम्मी बाहेर बघत होती. मान न वळवता तिने हात पुढे केला आणि बॅग अलगद अडवली.

नशराने ती परत मांडीवर घेतली. तेव्हा तिला कळलं, दाराचं हँडल केव्हापासून आपल्या बरगडीत रुततंय. पनवेलपासून तीही खिडकीला खेटूनच बसली होती.