सहावी खाट

“अक्का, त्या मागच्या खोलीचं नाव बदल की जरा… ऑफिस लिही तिथं.”

मल्लेश हे बोलला ते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत; बहिणीच्या तोंडाकडे त्यानं बघितलंच नाही. शिवलीलाचा माऊसवरचा हात तसाच थिजला. पडद्यावर घराचा नकाशा होता, आणि त्या नकाशाच्या मागच्या कोपऱ्यात, नऊ बाय दहाच्या एका चौकोनात, इंग्रजी अक्षरांत ‘अक्का’ असं लिहिलेलं होतं. दहा दिवसांपूर्वी तिनंच ते लिहिलं होतं, आणि लिहिताना आपल्याच नावाकडे ती किती तरी वेळ खुळ्यासारखी बघत राहिली होती!

“स्वतःची कामं घ्यायची म्हटलं तर माणसं बसवायला जागा पायजे,” मल्लेश घाईघाईनं म्हणाला. “तू आनि अव्वा एका खोलीत… म्हंजे बघ तुला पटलं तर.”

स्वयंपाकघराच्या दारात सुष्मिता, मल्लेशची बायको, हातातलं पातेलं पुसत उभी होती. शिवलीलानं एकवार तिच्याकडे पाहिलं, एकवार भावाच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं. आईच्या, अव्वाच्या, खोलीत दुसरी खाट मावत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?… तिनं हसून म्हटलं, “बरं झालं, तूच विषय काढलास. वारणानगरला पोरींना ड्रॉइंग शिकवायची नोकरी आल्या मला. राहायला खोली पण देत्यात. मी होय म्हणून कळवणारच हुते.”

आणि तिनं अक्षरं पुसली. एकेक करून… अगदी हळुवारपणे…

नोकरी आलेली होती हे खरं. पण ‘नाही’ असं लिहिलेलं पत्र तिच्या पर्समध्ये तयार होतं, हे मात्र त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी, एकोणनव्वद साली, शिवलीला नकाशे काढायच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील रुद्रय्या गवंडी काम करायचे. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ते गेले. मागे अव्वा, शांतव्वा तिचं नाव, आणि दहावीतला मल्लेश. शिवलीलानं कॉलेज सोडलं आणि ती शाहूपुरीतल्या एका आर्किटेक्टकडं ट्रेसर म्हणून रुजू झाली. दुसऱ्यांनी आखलेल्या नकाशांवर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईच्या पेनानं रेघ गिरवायची. रेघ चुकली तर ब्लेडनं कागद खरवडायचा, तोही इतका अलगद, की भोक पडता कामा नये! त्या खरवडण्यातच तिची विशी सरली. संकेश्वरचं एक चांगलं स्थळ चालून आलं होतं, पण मल्लेशच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं राहिली होती. “तेवढं होऊ दे,” ती म्हणाली. तेवढं झालं, पण स्थळ काही थांबलं नाही.

मल्लेश इंजिनिअर झाला, एका बिल्डरकडं साइटवर लागला, लग्न झालं, दोन लेकरं झाली. उचगावातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहू लागली. मग कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या अलीकडे चाळीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला, आणि दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मल्लेशनं एक कॉम्प्युटर आणि घरांचे नकाशे काढायच्या प्रोग्रॅमची सीडी घरी आणली.

पहिल्या दिवशी त्यानंच हात मारून बघितला. सगळी मापं फुटात घातली, पण प्रोग्रॅम चालत होता मीटरात! स्वयंपाकघर थिएटरएवढं झालं आणि त्यातली शेगडी मुंगीएवढी. लेकरं पोट धरधरून हसली. मल्लेशनं वैतागून खुर्ची सोडली, आणि शिवलीला तिच्यावर बसली.

ती उठली ती त्या यंत्रावर जीव जडवूनच! रोज सकाळी कामावर जायच्या आधी एक तास, रविवारी दुपारभर, ती एकेक गोष्ट शिकत गेली. “हे बघ सुष्मिता,” ती भावजयीला उत्साहानं सांगायची, “आधी माप फुटात हाय का मीटरात ते ठरवायचं. मग प्लॉट काढायचा, चारी बाजूंनी मोकळी सोडायची जागा सोडायची, मगच भिंती. बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार, न्हाय तर कागदावर खोली दहाची दिसती आनि बांधल्यावर नऊचीच भरती. आनि खाट, कपाट, तिजोरी… समदं आपल्या खऱ्या मापाचं ठेवायचं. दार उघडलं की खाटेला आपटतंय का, ते हितंच कळतंय!”

चूक झाली की एक बटण दाबायचं, आणि चूक कधी झालीच नव्हती अशी नाहीशी व्हायची. ब्लेड नको, खरवडणं नको… पहिल्यांदा हे घडलं तेव्हा शिवलीलानं तीच रेघ मुद्दाम पाच वेळा चुकवली होती आणि पाच वेळा परत आणली होती!

पण खरा चमत्कार पुढेच होता. एका रविवारी तिनं कोपऱ्यातलं एक बटण सहज दाबलं, आणि ते सपाट, निर्जीव रेघांचं जाळं पडद्यावर उठून उभं राहिलं! भिंती वर आल्या, दारांना चौकटी आल्या, जमिनीवर फरशी पसरली… बाण पुढे ढकलला की आपण उंबरा ओलांडून आत जातो, वळवला की खोली वळते! जे घर जगात कुठेच नव्हतं, ज्याच्या पायाचा एक दगडही अजून पडला नव्हता, त्या घरातून ती चालत होती. तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आयुष्यभर आपण रेघा गिरवल्या. त्या रेघांच्या पोटात हे एवढं अद्भुत दडलेलं होतं?… तिचे हात नकळत जोडले गेले.

आणि त्याच घरातून आज तिनं स्वतःला पुसून टाकलं होतं.

पुढचे सात दिवस तिनं तो नकाशा असा काही सजवला, की स्वतःचं घर तरी माणूस आणखी कसं सजवील! सुष्मिताची उंची मोजून ओटा घेतला. लेकरांच्या दोन खाटांमध्ये अभ्यासाचं टेबल बसवलं. अव्वाचे गुडघे दुखतात म्हणून तिच्या खोलीतून मोरीपर्यंत एकही पायरी येऊ दिली नाही. एका सकाळी बावड्याला जाऊन रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखल्या, आणि सुष्मिताला त्यातून चालायला लावलं. “कागदावर कळत न्हाय, पायाला कळतंय,” ती म्हणाली. सुष्मिता आखलेल्या ऑफिसच्या कडेनं वळसा घालून गेली. आत काही तिनं पाऊल टाकलं नाही.

मग आला तो रविवार. सोमवारी नकाशा मंजुरीला जायचा होता.

“अव्वा, ये, तुला घर दाखवतो!” मल्लेशनं आईचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं.

“मला काय कळतंय त्या कागदातलं,” शांतव्वा म्हणाली. जन्मभर गवंड्याचा संसार केला, पण नकाशा तिला कधी उमगला नव्हता.

“कागद न्हाय अव्वा. बघ तर!”

शिवलीलानं बटण दाबलं आणि घर उभं राहिलं. “अगं बया!… हे बांधलं कवा?” म्हातारीनं पदर सावरला, जणू कुणाच्या परक्या घरात निघाली होती. शिवलीला तिला सोप्यातून, पुढच्या बैठकीतून, आत घेऊन गेली, स्वयंपाकघर दाखवलं, देवाचा कोनाडा दाखवला. म्हातारीचे डोळे पाणावले. “तुझा बा असता तर… पोरी, तुझ्या बानं लोकांची घरं बांधली. तू तर बांधायच्या आदीच त्यात फिरवाय लागलीस की गं मला!”

आणि मग, एकेका खोलीतून जाता जाता, तिचं बोट वर आलं.

“ही दोगांची मोठी खाट… दोन. ही लेकरांची… तीन, चार. ही माजी… पाच.” बोट थांबलं. “आनि शिवलीलाची?”

दारात उभ्या असलेल्या सुष्मितानं मान वळवली.

“परत फिरीव गं. नजर अधू झाल्या माजी, चुकलं आसंल.” शिवलीलानं परत फिरवलं. म्हातारीनं परत मोजलं. “पाचच. आमी सा जण हाव की रं मल्लेश! माज्या लेकीची खाट कुटं हाय?”

“अव्वा, मीच म्हटलं तसं,” शिवलीला कळवळून म्हणाली. “मी वारणानगरला ऱ्हाणार हाय. मीच सांगितलं त्याला.”

“तू म्हटलीस आनि त्यानं ऐकलं!” शांतव्वाचा आवाज फुटला. “चौदा वर्सं तुजं समदं ऐकलंच हाय त्यानं. कॉलेज सोडते म्हटलीस, ऐकलं. लगीन नगं म्हटलीस, ऐकलं. एकदा तरी न्हाय म्हणाय पायजे हुतं रं तू… एकदा तरी!”

मल्लेश खाली बसला. इतका उंचापुरा माणूस, पण लहान मुलासारखं त्यानं बहिणीच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. “अक्का… तू जाते म्हटलीस तवा मला हलकं वाटलं. खरं सांगतो. वाईट वाटायला पायजे हुतं, आनि मला बरं वाटलं… त्याचीच लाज वाटाय लागल्या गं!”

“वन्सं, चूक माजी हाय,” सुष्मिता दारातून पुढे आली. तिच्या गालांवरून आसवं ओघळत होती. “ऑफिसचं मीच डोस्क्यात घातलं ह्यांच्या. त्या दिवशी फक्कीतनं चालताना मला त्या खोलीत पाय टाकवंना… तवाच बोलायला पायजे हुतं. न्हाय बोलले.”

शिवलीलानं दोघांच्याही पाठीवरून हात फिरवला. तिला राग येत नव्हता; फक्त छातीवरचं कसलं तरी जड ओझं इतक्या वर्षांनी हलत होतं, आणि ते हलताना दुखत होतं.

मल्लेश डोळे पुसत उठला. “ऑफिस नगंच. राहू दे.”

“राहू दे कशाला?” ती हळूच म्हणाली. “सोपा दोन फुटानं वाढवला की एका बाजूला तुजं टेबल आनि माणसांना बाक बसतोय. पुढची मोकळी जागा पण सुटती.”

मल्लेश बघतच राहिला. “मग आदी का न्हाय सांगितलंस?”

“तू इचारलं न्हाईस, तम्मा,” ती धाकट्या भावाला म्हणाली. “तू खोलीचं नाव बदल म्हणालास.”

त्यानं दुसरी खुर्ची ओढली, माऊस स्वतःच्या हातात घेतला आणि चाचपडत, चुकत, बहिणीला विचारत विचारत सोपा वाढवला. ऑफिस पुसलं. मागच्या रिकाम्या चौकोनात खऱ्या मापाची एक खाट आणून ठेवली.

“पर नोकरीला मी होयच कळवणार हाय बरं का,” शिवलीला म्हणाली, आणि तिच्या आवाजातला ठामपणा ऐकून ती स्वतःच चकित झाली. “हे पोरींना शिकवायचंय मला. रोज एसटीनं जाऊन येईन. ऱ्हाईन मात्र घरात.”

“व्हय, घरात,” मल्लेश म्हणाला. मग पडद्याकडे वळून त्यानं विचारलं, “अक्का, खिडकी कुठं पायजे तुला?”

खिडकी किती रुंद, किती उंच, जमिनीपासून किती फुटांवर, हे आजवर शिवलीलाला हजारदा सांगितलं गेलं होतं. कुठं पाहिजे, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ती त्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली, बघत राहिली… सगळं घर तिच्या उत्तराची वाट बघत उभं होतं.

“मागच्या रस्त्याकडं,” ती शेवटी म्हणाली. “मोठी घे. आनि उगवतीचं ऊन खाटंवर यायला पायजे.”

त्यानं खिडकी बसवली, बटण दाबलं. खोली उठून उभी राहिली, आणि खिडकीतून आलेला उजेड खाटेवर लांबवर पसरला. शांतव्वा पुढे वाकली. तिनं आपला सुरकुतलेला हात पडद्याच्या काचेवर, त्या उजेडावर ठेवला, आणि ऊब लागतेय का ते बघत राहिली.