सोवळ्यावरचा निळा कापूस

जिन्यात माझ्या डोक्यावर पाणी टपकलं. वर बघितलं, तर तिसऱ्या मजल्यावरचा विहंग ओल्या जीन्सची बादली घेऊन उभा. बादलीला खालून चीर गेलेली.

"फरशी कोण पुसणार?"

"सॉरी... गच्चीवर वाळत घालायला निघालो होतो."

"या पावसात? डोकं घरी ठेवून निघालात का?"

तो हसला. हसताना मान खाली घालतो तो, चोरी पकडली गेल्यासारखा. मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि मग स्वतःचाच आला.

"तुमच्याकडे तो ड्रायर आहे ना?" त्याने हळूच विचारलं. "एकदाच..."

पंचवटीतली आमची बिल्डिंग. श्रावणाची झड लागली की घराघरात ओल्या कपड्यांचा कुबट वास. आई दवाखान्यात नर्स. तिचे युनिफॉर्म वाळावेत म्हणून आम्ही ड्रायर घेतला. अख्ख्या जिन्यात तो एकच.

एकदाच म्हणणारा माणूस आठवड्यातून दोनदा यायला लागला. तेही कधी? त्याचे वडील, दिवाकर गुरुजी, पूजा सांगायला बाहेर पडले की. आणि कपडे काळ्या पिशवीत लपवून. आम्ही बौद्ध. आमच्या घरात त्याचा शर्ट फिरतो हे वर कळायला नको होतं. मला ते दिसत होतं. मी गप्प बसले. प्रेमात माणूस आंधळं होतं म्हणतात, साफ खोटं. मला सगळं दिसत होतं, मी घाबरत होते, एवढंच.

"जीन्स उलटी कर. चेन लाव, नाहीतर आत आपटत बसते."

"तू सगळ्यांना असेच हुकूम सोडतेस?"

"फक्त चुरगळणाऱ्यांना."

तो सिन्नरच्या एका कंपनीत होता. कंपनीचा टी-शर्ट पॉलिस्टरचा, त्याला कमी ताप. सुती टॉवेल, चादरी... त्यांना जास्त चालतो. ड्रम अर्धाच भरायचा, कपड्यांना आत उलटायला-पालटायला जागा हवी. दर वेळी ड्रायरच्या जाळीत साठलेला कपड्यांचा कापूस काढायचा. ते काम त्याने स्वतःकडे घेतलं. मऊ, करडा गोळा माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचा, "घे, भेट."

"आणि स्वेटर?"

"अजिबात नाही. आत गेला की बंटीच्या मापाचा होऊन येईल."

"बंटी कोण?" आवाज एकदम बदललेला.

"मामाचा पोरगा. बालवाडीत आहे. जळू नकोस."

ड्रम थांबला की कपडे लगेच काढायचे, गरम असतानाच झटकायचे, नाहीतर सुरकुत्या बसतात. चादरीची दोन टोकं तो धरायचा, दोन मी. घडी घालायची तर टोकं जवळ आणावी लागतात... आम्ही जवळ यायचो, बोटांना बोटं लागायची, आणि वर कुणाचं दार वाजलं की दोघंही दचकून मागे सरायचो. चादर जमिनीवर.

मग एक दिवस तो भर दुपारी आला. चेहरा पांढराफटक. पिशवीत गुरुजींचं रेशमी सोवळं.

"गाडीवरून पडलं, डबक्यात. धुतलं मी. पण वाळेना. बाबा दिवेलागणीला येतील, पहाटे त्यांना मोठी पूजा आहे."

"रेशीम ड्रायरमध्ये घालत नाहीत. पंख्याखाली टाक."

"सकाळपासून पंख्याखालीच होतं. संजना... प्लीज."

सोवळं म्हणजे घरातल्या बाईनेही ज्याला हात लावायचा नाही, दांडीवर काठीने टाकायचं, ते.

"मी हात लावू?"

तो थांबला. क्षणभरच. पण तो क्षण मी मोजला.

"लाव," तो म्हणाला.

सोवळं जाळीच्या पिशवीत घातलं. ताप पूर्ण बंद, नुसती गार हवा. सोबत कोरडा टॉवेल, म्हणजे ओल लवकर शोषली जाते. एवढं सगळं बरोबर केलं, आणि घाईत टॉवेल उचलला तो नवाकोरा, एकदाही न धुतलेला. निळा. आमच्या घरात निळ्याला तोटा नाही.

ड्रम फिरत राहिला. आम्ही त्याच्यासमोर बसून राहिलो, कुणाचं ऑपरेशन चालू असल्यासारखे.

सोवळं निघालं वाळून. आटलंही नाही. पण पिशवीच्या जाळीतून टॉवेलचा कापूस आत घुसला होता. सगळ्या रेशमावर निळाच निळा. आम्ही चिकटपट्टीने काढला, नखांनी काढला. काठाच्या विणीत अडकला तो निघेना. आणि जिन्यात गुरुजींचं खाकरणं ऐकू आलं.

"सांग, इस्त्रीवाल्याकडे दिलं होतं," मी म्हणाले.

मीच म्हणाले! हे घर भाड्याचं. आडनाव सांगितल्यावर आईसमोर किती दारं बंद झाली होती, मी बघितलंय. पुन्हा सामान बांधायचं? पण शब्द तोंडातून निघाला आणि मला माझीच किळस आली.

"नाही. ऐक, विहंग. सांगायचं तर माझं नाव घेऊन सांग. जमत नसेल तर ती काळी पिशवी परत इथे आणू नकोस."

तो उठला. सोवळं घेऊन वर गेला.

मी दाराशी उभी राहिले. वरून गुरुजींचा आवाज आला, "हा निळा कापूस कसला?"

गॅलरीतली पागोळी ऐकू येत होती. तो आता खोटं बोलणार. मी डोळे मिटून घेतले.

"खालच्या मजल्यावर वाळवलं, बाबा. संजनाने. तिच्या हाताने." आवाज कापत होता, पण थांबला नाही. "माझे कपडेही महिनाभर तिथेच वाळतायत. आणि... मला ती आवडते."

ओरडणं नाही, काही नाही. नुसतं दार बंद झाल्याचा आवाज. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईला सांगितलं. ती बराच वेळ युनिफॉर्मची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "सामान बांधायचं की नाही, ते त्यांनी बोलल्यावर बघू. तू केलंस काय? कापडच वाळवलंस ना?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. तो दारात. हातात तीच चिरलेली बादली. तिसऱ्या मजल्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत पाण्याची रेघ, अख्ख्या बिल्डिंगला दिसेल अशी.

"पिशवी कुठाय?"

"फेकली."

"गुरुजी काय म्हणाले?"

"अजून बोलत नाहीत. पूजेला सुती नेसून गेले."

मी वर बघितलं. गुरुजी कठड्याशी उभे होते, आमच्याकडेच बघत. खोटं कशाला बोलू, दार लावून घ्यावंसं वाटलं.

"काय आणलंयस?" मी विचारलं, वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"चादर," तो म्हणाला. या वेळी मान खाली नव्हती. "एकट्याने घडी होत नाही गं."

मी दार सताड उघडलं, आणि तो आत आल्यावर ते तसंच उघडं ठेवलं.